बारा दिवसांचा रकाना : हवानाचे डासवाले डॉक्टर कार्लोस फिनले

बऱ्हाणपूर : २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन. १८९७ मध्ये याच तारखेला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला, म्हणून हा दिवस पाळतात. रॉस यांचं नाव शाळेच्या पुस्तकामुळे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतं. पण याच तारखेला, १९१५ साली, पार दुसऱ्या टोकाला क्यूबा देशातल्या हवाना शहरात ८१ वर्षांचे एक डॉक्टर वारले. त्यांचं नाव कार्लोस फिनले. पावसाळा उतरणीला लागला की बऱ्हाणपूरपासून रावेर, मुक्ताईनगरपर्यंत घरोघरी ज्या डासाची धास्ती असते, तो पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसाढवळ्या चावणारा, डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा डास. नेमक्या त्याच जातीवर रोगाचा वाहक म्हणून बोट ठेवलं ते फिनले यांनी, रॉस यांच्याही १६ वर्षं आधी. मलेरियाचा डास वेगळ्या जातीचा, आणि मलेरियाचा जंतू म्हणजे विषाणूही नव्हे. विषाणू वाहणाऱ्या डासाची गोष्ट हवानात सुरू होते.

ही गोष्ट सरळ मात्र नाही. रोग बरोबर ओळखला, डास बरोबर ओळखला, तरी १९ वर्षं फिनले यांचा हिशोब जुळला नाही. वहीत सगळे रकाने होते, दिवसांचा एक रकाना तेवढा चुकला होता.

फिनले यांचा जन्म ३ डिसेंबर १८३३ चा, क्यूबातल्या पुएर्तो प्रिन्सिपे गावचा. आज त्या गावाला कामाग्वे म्हणतात. क्यूबा तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता. वडील स्कॉटलंडचे, पेशाने डॉक्टर, शिवाय कॉफीचा मळा बाळगून असलेले. आई फ्रेंच. मुलगा ११ वर्षांचा झाला तसा त्याला शिकायला फ्रान्सला धाडलं. तिथे अंग आपोआप झटके देत राहतं असा एक आजार त्याला झाला. आजार गेला, पण बोलताना अडखळणं मागे राहिलं ते जन्मभर. पुन्हा युरोप गाठलं तर विषमज्वर झाला आणि परत यावं लागलं. हवाना विद्यापीठाने युरोपातलं शिक्षण ग्राह्य धरलं नाही. शेवटी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजातून १८५५ मध्ये ते डॉक्टर झाले. तिथे त्यांना जॉन किअर्सली मिचेल हे प्राध्यापक लाभले. रोग दूषित हवेने होत नाहीत, सूक्ष्म जिवांमुळे होतात, असं त्या काळात मांडणारे जे थोडे लोक होते त्यातले हे एक. १८५७ मध्ये फिनले यांना हवानात दवाखाना चालवायची परवानगी मिळाली. डोळ्यांचे उपचार हा त्यांचा खास विषय होता. १८६५ मध्ये त्रिनिदादच्या अॅडेला शाइन यांच्याशी लग्न झालं.

१८६७-६८ ला हवानात कॉलरा आला. फिनले यांनी रोगी कुठे कुठे आहेत ते पाहिलं तर बरेचसे शहराला पाणी पुरवणाऱ्या जुन्या कालव्याच्या काठाने सापडले. १५९२ मध्ये पूर्ण झालेला हा कालवा उघडा होता, त्यात वाटेतली सगळी घाण मिसळायची. (आपल्याकडचा कुंडी भंडारा त्यानंतर २३ वर्षांनी, १६१५ चा, पण तो जमिनीच्या पोटातून येतो, हा फरक मोठा.) फिनले यांनी वर्तमानपत्राला लिहून कळवलं. स्पॅनिश अंमलातल्या सेन्सॉरने ते छापू दिलं नाही. पुढे १८७३ मध्ये ते प्रसिद्ध झालं, तोवर साथ कधीच ओसरली होती. खरं सांगितलं तरी लोक ऐकतीलच असं नाही, हा अनुभव त्यांना इथे पहिल्यांदा आला.

हवानाचा खरा शत्रू मात्र कॉलरा नव्हता. तो होता पीतज्वर, म्हणजे पिवळा ताप. कडक ताप, अंग दुखणं, मग डोळे आणि कातडी पिवळी, आणि वाईट वळण घेतलं तर काळी उलटी. स्थानिक माणसं लहानपणी हलका ताप येऊन सुटायची. नव्याने आलेले सैनिक, खलाशी, व्यापारी मात्र पटापट मरायचे. १८७८ मध्ये हा रोग अमेरिकेच्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात शिरला आणि सुमारे २०,००० माणसं दगावली. अमेरिकेने घाबरून १८७९ मध्ये एक तपास पथक हवानाला पाठवलं. स्पॅनिश सरकारने त्या पथकाच्या मदतीला फिनले यांना दिलं.

तोवर फिनले स्वतः हवेच्याच मागे होते. हवेतल्या अल्कलीमुळे पीतज्वर होतो असं ते वर्षानुवर्षं मोजमाप घेऊन मांडत होते. पथकाने रोग्यांच्या शरीरातले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले तेव्हा त्यांचं मत फिरलं. बिघाड रक्तवाहिन्यांत दिसत होता. रोगाचं बीज रक्तात असेल तर ते बाहेर काढून दुसऱ्याच्या रक्तात घालणारं कुणीतरी हवं. कातडीला भोक पाडणारं, शहरात राहणारं, उन्हाळ्यात वाढणारं आणि थंडीत नाहीसं होणारं. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने आपला जुना सिद्धांत स्वतःच्या हाताने मोडीत काढला. हे सोपं नसतं.

मग ते डासांकडे वळले. हवानातल्या डासांच्या जाती त्यांनी वेगळ्या केल्या. एक जात घरातच राहते, घरच्या पाण्यात अंडी घालते, दिवसा चावते. मादीच रक्त पिते, कारण अंड्यांसाठी तिला ते लागतं. उंचावरच्या थंड गावात ही जात नाही आणि तिथे पीतज्वरही नाही. आज तिचं नाव एडिस इजिप्ती. डेंग्यू पसरवणारी ती हीच.

फेब्रुवारी १८८१ मध्ये वॉशिंग्टनच्या आरोग्य परिषदेत त्यांनी सांगितलं की रोगी आणि निरोगी यांच्यामध्ये तिसरं कुणीतरी असलं पाहिजे. डासाचं नाव तिथे घेतलं नाही. ते घेतलं १४ ऑगस्ट १८८१ ला, हवानाच्या विज्ञान अकादमीत, स्वतःच्या माणसांसमोर. अडखळणाऱ्या आवाजात निबंध वाचून झाला आणि सभागृह गप्प राहिलं. कुणी वाद घातला नाही, कुणी प्रश्नही विचारला नाही. पुढची १९ वर्षं शहरात त्यांची ओळख झाली ती डासवाले डॉक्टर अशी, आणि ती काही कौतुकाची नव्हती.

फिनले थांबले नाहीत. क्लाउदियो देलगादो या स्पॅनिश डॉक्टरला सोबत घेऊन त्यांनी शंभरच्या वर माणसांवर प्रयोग केले. नुकतेच आलेले स्पॅनिश सैनिक, जेझुइट आणि कार्मेलाइट पंथाचे धर्मगुरू, अशी रोगाला न सरावलेली माणसं तयार व्हायची. काचेच्या नळीत डास धरायचा, पीतज्वराच्या रोग्याला चावू द्यायचा, मग दोन ते पाच दिवसांनी तोच डास निरोगी माणसाला चाववायचा. कुणाला हलका ताप यायचा, बहुतेकांना काहीच व्हायचं नाही. ज्यांना ताप यायचा ते हवानातच राहत असल्यामुळे तो ताप या डासाचा की शहरातल्या दुसऱ्या कुठल्या, हे सांगता यायचं नाही. विरोधकांना एवढं पुरेसं होतं. फिनले यांना कुणाला मारायचं नव्हतं हेही खरं. हलका आजार देऊन पुढे संरक्षण मिळावं, जसं देवीच्या लसीने मिळतं, असा त्यांचा बेत होता.

चूक कुठे होती? फिनले यांच्या डोळ्यासमोर डासाची सोंड सुईसारखी होती. रोग्याच्या रक्तात बुडाली, मळली, दुसऱ्याला टोचली. तसं असतं तर दोन दिवस काय आणि दोन मिनिटं काय, सारखंच. पण डास सुई नाही.

रोग्याचं रक्त पिताना विषाणू डासाच्या पोटात जातो. तिथे पचून गेला तर गोष्ट संपली, आणि बऱ्याच रोगांचे विषाणू असेच संपतात. एचआयव्ही डासामुळे पसरत नाही तो यामुळेच. पीतज्वर, डेंग्यू, चिकुनगुनिया यांचे विषाणू मात्र डासाच्या आतड्याच्या अस्तरात शिरतात, तिथे स्वतःच्या नकला काढतात, अस्तर ओलांडून डासाच्या अंगभर पसरतात आणि शेवटी त्याच्या लाळेच्या ग्रंथीत पोचतात. मग ती मादी जेव्हा चावते तेव्हा रक्त गोठू नये म्हणून आधी लाळ सोडते, आणि त्या लाळेबरोबर विषाणू आपल्या अंगात येतो. सूत लूमवर चढवलं की लगेच ठाण हातात येत नाही, तसंच हे. डेंग्यूच्या बाबतीत या प्रवासाला साधारण आठ ते बारा दिवस लागतात, हवा गरम असेल तर कमी, थंड असेल तर जास्त. तोवर तो डास चावला तरी रोग देत नाही. एकदा का लाळेत विषाणू पोचला की डास मरेपर्यंत प्रत्येक चाव्याला धोका. डास स्वतः आजारी पडत नाही. त्याचं आयुष्यच काही आठवड्यांचं, त्यामुळे रोग्याला चावलेले कितीतरी डास धोकादायक होण्याआधीच मरून जातात. साथ पसरवतात ते उरलेले.

रोग्याच्या बाजूलाही मुदत आहे. त्याच्या रक्तात विषाणू भरपूर असतो तो तापाच्या सुरुवातीच्या काही दिवसांतच. डेंग्यूत साधारण चार-पाच दिवस. फिनले यांनी डास रोग्याला चावू दिला तेव्हा कधी रोग्याची मुदत उलटून गेलेली असायची, आणि डासाची मुदत तर जवळपास कधीच भरलेली नसायची.

हा हरवलेला रकाना सापडला अमेरिकेतल्या दोन खेड्यांत. १८९८ मध्ये मिसिसिपी राज्यात हेन्री कार्टर नावाचे आरोग्य अधिकारी घराघरातल्या तारखा लिहून ठेवत होते. पहिला रोगी पडल्यावर लगेच त्या घरी जाऊन आलेली माणसं ठणठणीत राहायची. दोन आठवड्यांनी त्याच घरात गेलेली माणसं पडायची, मग पहिला रोगी तोवर बरा झालेला असो की पुरलेला. मधल्या दिवसांत रोगाचं बीज कुठेतरी पिकत होतं. कुठे, ते कार्टर यांना माहीत नव्हतं. फिनले यांना जागा माहीत होती आणि दिवस माहीत नव्हते.

दोन्ही माहित्या एकत्र यायला युद्ध व्हावं लागलं. १८९८ मध्ये अमेरिका आणि स्पेन यांच्यात लढाई झाली, क्यूबा अमेरिकी सैन्याच्या ताब्यात आला, आणि सैनिक पुन्हा पीतज्वराने पडू लागले. १९०० च्या जूनमध्ये वॉल्टर रीड, जेम्स कॅरोल, जेसी लेझीर आणि अरिस्तिदेस आग्रामोंते अशा चार डॉक्टरांचं पथक हवानात आलं. जंतू शोधण्यात काही आठवडे वाया गेले. मग ते फिनले यांच्या घरी गेले. १९ वर्षं ज्यांचं कुणी ऐकलं नव्हतं त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी काही हातचं न राखता आपली टिपणं दिली आणि आपल्याकडची डासांची अंडीही दिली. ही काळी बारीक अंडी सुकली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. पाणी मिळालं की अळ्या बाहेर.

त्या अंड्यांतून लेझीर यांनी डास वाढवले. २७ ऑगस्ट १९०० ला कॅरोल यांनी स्वतःचा हात पुढे केला. चावलेला डास १२ दिवसांपूर्वी रोग्याचं रक्त प्यालेला होता. कॅरोल मरता मरता वाचले. सप्टेंबरात लेझीर यांना डास चावला आणि २५ तारखेला ते गेले. वय ३४. त्यांच्या टिपणांतून दिवसांचा हिशोब लागला.

त्यानंतर हवानाबाहेर लेझीर यांच्याच नावाने छावणी उभी केली गेली. एका घरात रोग्यांचे मळलेले कपडे, चादरी, आणि त्यात झोपणारी माणसं. वीस-वीस रात्री झोपूनही एकालाही पीतज्वर झाला नाही. दुसरं घर स्वच्छ, मधोमध तारेची जाळी. जाळीच्या डास असलेल्या बाजूचा माणूस पडला, पलीकडचे धड राहिले. स्पेनहून आलेल्या मजुरांशी लेखी करार झाले होते : शंभर डॉलर सोन्यात, आजारी पडल्यास आणखी शंभर. गरिबाच्या जिवाची किंमत लावली असं कुणी म्हणेल. पण धोका काय आहे ते आधी कागदावर लिहून सही घेण्याची पद्धत त्या काळात फारशी कुठे नव्हती. निष्कर्ष निघाला तो असा : डासाने रोग्याला पहिल्या तीन दिवसांत चावलं पाहिजे आणि मग सुमारे १२ दिवस गेले पाहिजेत. कॅरोल यांनी १९०१ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. बॅक्टेरिया अडवणाऱ्या गाळणीतूनही रोगाचं बीज पार होतं. माणसाचा एखादा रोग विषाणूमुळे होतो हे असं पहिल्यांदा कळलं.

पुढचं काम विल्यम गॉर्गस या लष्करी डॉक्टरने केलं, आणि त्यात औषध काहीच नव्हतं. रोग्याची खोली जाळीने बंद करायची, म्हणजे डासाला विषाणू मिळूच नये. घराघरातली पिंपं, हौद झाकायचे, झाकता येत नाही तिथे पाण्यावर रॉकेल ओतायचं. घरात अळ्या सापडल्या तर मालकाला दंड. सुमारे १४० वर्षं हवानात मुक्काम ठोकून बसलेला पीतज्वर सप्टेंबर १९०१ पर्यंत शहरातून गेला. रोग्याला मच्छरदाणीत ठेवणं हा त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग होता, आणि आपल्याकडे नेमकं तेच कुणी करत नाही. ताप आलेलं माणूस दिवसभर उघड्यावर पडून असतं आणि ताप नसलेली माणसं रात्री मच्छरदाणीत झोपतात.

पीतज्वर भारतात कधी आला नाही. डास इथे आहे, विषाणू नाही, म्हणून आफ्रिकेहून येणाऱ्यांकडे विमानतळावर लसीचं पिवळं कार्ड मागतात. पण त्याच डासाने दुसरे विषाणू आणले. चिकुनगुनिया १९६५ मध्ये नागपुरात आला, १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत आला. पुण्यात १९५२ पासून सुरू असलेल्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, या साथींचा तपास केला. नंतर तीस-बत्तीस वर्षं तो दबून राहिला आणि २००५-०६ मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रदेश, आंध्रात उसळला. गुडघे धरून चालणारी माणसं तेव्हा कुणी पाहिली नाहीत? सीमा राज्यांना असते. तापीच्या दोन्ही अंगांना डास तोच.

जुलै २०२२ मध्ये बऱ्हाणपूर हा देशातला पहिला प्रमाणित हर घर जल जिल्हा ठरला. नळ आले, पण पाणी साठवायची सवय एका योजनेने जात नाही. रांजण, सिमेंटचा हौद, गच्चीवरची उघडी टाकी, उन्हाळा संपला तरी तळाशी पाणी घेऊन उभा असलेला कूलर. एडिसला गटार नको असतं, तिला असंच साठलेलं पाणी हवं असतं. ती अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या वर भांड्याच्या कडेला चिकटवते. म्हणून नुसतं पाणी ओतून चालत नाही, आठवड्यातून एकदा भांडं आतून घासावं लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, आठवड्याचा नियम त्यावरून आला. दुसरी एक खोड अशी की ही मादी एका जागी शांत बसून पोट भरत नाही. हललं की उडते, बाजूच्याला चावते. एकाच घरात तीन-चार माणसं पाठोपाठ का पडतात, त्याचं एक कारण हे.

फिनले यांच्याकडे परत यायचं तर, १९०२ मध्ये क्यूबा स्वतंत्र झाला आणि त्यांना देशाच्या आरोग्य खात्याचं प्रमुख केलं गेलं. १९०९ पर्यंत ते त्या पदावर होते. १९०७ मध्ये लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेने पदक दिलं, १९०८ मध्ये फ्रान्सने सन्मान केला. नोबेलसाठी त्यांचं नाव सात वेळा गेलं, मिळालं एकदाही नाही. शोधाचं श्रेय बराच काळ रीड यांच्या नावावर जमा होत राहिलं, आणि क्यूबाच्या लोकांना ते फार लागलं. रीड यांनी प्रयोग चोख केला यात शंका नाही. पण डास त्यांना फिनले यांनी दिला होता, अंड्यांसकट. १९५४ मध्ये रोमला भरलेल्या वैद्यक इतिहासाच्या जागतिक परिषदेने डासाचा सिद्धांत फिनले यांचाच असं मान्य केलं. आता युनेस्कोचा सूक्ष्मजीवशास्त्रातला एक पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो.

गॉर्गस हवानाचीच पद्धत घेऊन १९०४ मध्ये पनामाला गेले होते. फ्रेंच कंपनीने तिथे कालवा खणायला घेतला होता तेव्हा पीतज्वर आणि मलेरियाने हजारो मजूर मेले आणि १८८९ मध्ये कंपनीच बुडाली. या खेपेला पीतज्वर दोनेक वर्षांत संपला. १५ ऑगस्ट १९१४ ला पनामा कालवा जहाजांसाठी उघडला. फिनले तेव्हा हवानात, आजारी आणि थकलेले. त्यानंतर एक वर्ष आणि पाच दिवसांनी ते गेले.